बिस्किटांच्या डब्यातले बिल्ले

मी पुण्यात ज्या विभागात डॉक्टरेटचं काम करत होते, तिथे आम्ही चारजण किरणोत्सारी पदार्थ हाताळायचो. चौघांच्या नावानं एकेक बिल्ला होता. काडेपेटीहून लहान प्लॅस्टिकची चौकट आणि आत फिल्मचा तुकडा. अंगावर किती किरणं पडली ते त्या फिल्मवर उमटायचं. दर तीन महिन्यांनी बिल्ले टपालानं मुंबईला जायचे. देशभरच्या अशा प्रयोगशाळांवर लक्ष ठेवणारी संस्था तिथे होती. आकडा जास्त निघाला तर ती काम थांबवायची, परवानाही काढून घ्यायची. प्रकल्पांना मंजुरी देणारी संस्था वेगळी, दिल्लीतली. "दिल्ली देते आणि मुंबई डोळे वटारते," असं आमचे सर म्हणायचे.

मुंबईला आम्ही सगळेच टरकून होतो. पूर्वी कधीतरी कोणाचा तरी आकडा वर गेला होता आणि विभागाचं काम सहा महिने बंद पडलं होतं. तेव्हापासून एक रीत पडली. किरणांच्या खोलीत जाताना, देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा बिल्ला काढायचा आणि कचेरीतल्या टेबलाच्या खणात, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचा. पुढे पुढे तर कोणी तो डब्यातून बाहेरही काढेना. "छाती आपली आहे, बिल्ला सरकारी आहे. सरकारी वस्तू जपून वापरावी," सर म्हणायचे आणि आम्ही हसायचो. मीही मनापासून हसायचे. चांगली शिकलेली माणसं आम्ही, थर्मामीटर माठात बुडवून ताप नाही म्हणत होतो.

मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मात्र मी त्या खोलीत पाऊल टाकणं बंद केलं. फक्त प्रबंध लिहीत बसायचे. त्यामुळे पाचवा महिना लागल्यावर मुंबईचं पत्र आलं आणि त्यात माझ्या बिल्ल्याचा क्रमांक दिसला, तेव्हा मला काही उमजेचना. मर्यादेपेक्षा जास्त किरणं, काम ताबडतोब थांबवावं, अधिकारी चौकशीला येतील. पत्र एका हातात होतं आणि दुसरा आपोआप पोटावर गेला होता.

सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि चक्क हसले. "अहो, चौघांचा आकडा सारखाच आहे. दशांशापर्यंत! म्हणजे माणसांना काही झालेलं नाही. डब्यालाच झालंय." माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी विभागाच्या शिपाईमामांना बोलावलं. मामा हडपसरहून बसनं यायचे, विभागात सगळ्यांत जुने. डब्याजवळ काही ठेवलं होतं का, असं सरांनी विचारलं.

"ठिवलं हुतं की," मामा म्हणाले. "दिल्लीवाले बघाय येणार म्हून रंग दिला न्हाई का? तवा रंगवाल्यानं ती किरनांची खोली रिकामी मागितली. मग शिशाचं भांडं हितं टेबलाखाली सरकवलं. तीन दिस हुतं. झाकण नीट बसत न्हाई त्याचं, ते तुमास्नी म्हाईतच हाय."

किरणोत्सारी पदार्थ त्या भांड्यात असायचा. ते तीन दिवस मला आठवले. बाकीच्या खोल्यांत रंगाचा वास होता, म्हणून मी त्याच टेबलाशी बसून प्रबंधाचं तिसरं प्रकरण लिहिलं होतं. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. जेवणाचा डबासुद्धा तिथेच, त्याच खुर्चीवर बसून खाल्ला होता. तेव्हा तिसरा महिना चालू होता. मी सरांकडे पाहिलं. त्यांनाही आठवलं होतं. त्यांनी नजर खिडकीकडे वळवली.

"मुंबईच्या साहेबांना एवढंच सांगू की बिल्ले चुकीच्या जागी ठेवले गेले," ते म्हणाले. "माणूस तिथे कोणी नव्हतं. परवाना गेला तर तुमचा प्रबंधही जाईल. समजतंय ना?"

नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा गॅसवरचं वरण करपून गेलं तरी दोघांपैकी कोणी उठलं नाही. तो म्हणाला, "तू मुंबईच्या साहेबांनाच विचार. बाळाला किती लागलं ते त्यांच्याशिवाय कोणाला कळणार?" ते खरंच होतं. ज्यांच्यापासून इतकी वर्षं लपवलं, त्यांच्याच दारात आता हात पसरायचा होता.

अधिकारी आले ते बारीक, चष्मेवाले, थोडं बोलणारे. सरांनी ठरलेलं सांगितलं. "म्हणजे बिल्ल्यांनी खणात बसून मुंबईपर्यंत नोकरी केली," अधिकारी म्हणाले. मी म्हणाले, "साहेब, मी होते तिथे. आणि मला दिवस गेलेले होते."

अधिकाऱ्यांनी पिशवीतून मापाची टेप काढली. मला त्याच खुर्चीवर बसायला सांगितलं, रिकामं भांडं मामांकडून बरोबर त्याच जागी ठेवून घेतलं आणि जमिनीवर गुडघे टेकून भांड्यापासून माझ्या पोटापर्यंतचं अंतर मोजलं. दोनदा मोजलं. ते उठले, वही उघडली आणि वर न बघता विचारलं, "दिवसाला किती तास बसत होता?"

सात, हे माझ्या ओठांवर होतं. पण सात लिहिल्यावर वहीत काय येईल आणि ते वाचून डॉक्टर काय करायला सांगतील, हे मला एका क्षणात दिसलं. पोटात आदल्याच आठवड्यात पहिल्यांदा हालचाल जाणवली होती.

"दोन," मी म्हणाले. "फार तर दोन."

त्यांनी पेन्सिलीनं आकडेमोड केली, पुन्हा तपासली आणि म्हणाले, "ठीक आहे. इतक्यावर कोणी डॉक्टर तुम्हाला काही करायला सांगणार नाही." सरांनी सुस्कारा सोडला. नवरा संध्याकाळी पेढे घेऊन आला. परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला, सर माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि मी मात्र खरं बोलणारी बाई म्हणून विभागात ओळखली जाऊ लागले. पुढचे चार महिने मी साहेबांनी काढलेल्या आकड्याला रोज साडेतीननं गुणत होते. उत्तर कागदावर लिहायची हिंमत झाली नाही.

मुलगी पूर्ण दिवसांची, धडधाकट झाली. तरीही तिला साधा ताप आला की माझ्या डोक्यात गुणाकार सुरू व्हायचा. तो कधी थांबलाच नाही.

गेल्या महिन्यात मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले होते. तिला तिसरा महिना आहे. डॉक्टरीणबाई फॉर्म भरत होत्या. त्यांनी मान वर करून मला विचारलं, "काकू, हिच्या वेळी तुम्हाला गरोदरपणात काही त्रास? औषधं, एक्सरे, असं काही?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही, काहीच नाही."