निळ्या स्टुलावरच्या सिस्टर

ऑस्ट्रेलियात, डार्विन शहरातल्या आमच्या वृद्धाश्रमात सिस्टर कधी कुणाशी उभ्याने बोलल्या नाहीत. हातात कायम एक निळं प्लास्टिकचं स्टूल. ज्याच्याशी बोलायचं त्याच्या पलंगाशी ते टेकवायचं, बसायचं, मग तोंड उघडायचं. गळ्यात लाकडी क्रूस, पायात रबरी चपला. सगळे त्यांना ‘स्टूल सिस्टर’ म्हणत.

मूळच्या वसईच्या. मी तिथे फरशी पुसायला लागले तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे ‘सॉरी’ आणि ‘नो वरीज’. शाळा नववीत सुटलेली, नवऱ्यामागून इथे आलेली. कुणी नुसती हाक मारली तरी वाटायचं, झालं, आता काढून टाकणार. एक दिवस मागून चक्क मराठीत आवाज आला, ‘बाय, त्या लादीनं तुझं काय केलंय? जरा हळू घास.’ मला रडूच फुटलं. त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकवलं.

पुसण्यावरून भरवण्यावर मला त्यांनीच आणलं. एका आजोबांना मी उभ्याने सूप देत होते. ‘बस आधी,’ त्या म्हणाल्या. ‘तू उभी राहिलीस की त्यांना वाटतं, हिला जायचंय. मग घाईने गिळतात आणि ठसका लागतो.’ पुढे केअररच्या, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल शिकायच्या, कोर्सचं त्यांनी काढलं तेव्हा मी म्हटलं, ‘सिस्टर, मी नववी.’

‘आजोबांनी विचारलं का तुला, कितवी ते?’

कोर्स झाला. रडतखडत झाला, पण झाला.

मग त्यांच्या नन्सच्या संघाने त्यांना आफ्रिकेत पाठवलं, मिशनच्या एका लहानशा दवाखान्यात. स्टूल माझ्यापाशी ठेवून गेल्या. ‘बसायला काय, तिकडे मिळेल काहीतरी,’ म्हणाल्या.

लढाई त्या गावाजवळ आली तेव्हा मी फोन केला. दवाखान्यातल्यांना सुरक्षित जागी न्यायला दुसऱ्या दिवशी गाडी निघणार होती.

‘तुम्ही बसा हं गाडीत.’

‘चालणारे बसतील, बाय. पलंगावरचे राहतात ना.’

‘राहून काय करणार? बंदूक अडवणार का तुम्ही?’

‘मी कसली अडवतेय. पण उद्या जेवायची वेळ तर होईलच ना.’

मी खूप विनवलं, चिडलेसुद्धा. त्यांनी माझ्या मुलीचा खोकला कसा आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

बंदूकवाले दवाखान्यात शिरले आणि त्यांनी सिस्टरना पेशंटांसोबत ठार मारलं. लपून वाचलेल्या नर्सने नंतर कळवलं, ‘पळा’ म्हणून तिने हाक दिली तेव्हा सिस्टरनी फक्त मान वर केली. हातात वाटी होती.

इथल्या चर्चमध्ये त्यांच्यासाठी झालेल्या मिस्सेत, म्हणजे प्रार्थनेत, फादरनी त्यांना रक्तसाक्षी म्हटलं, श्रद्धेसाठी जीव देणारी. मी त्या धर्माची नाही, मागच्या बाकावर बसले होते. शब्द मोठाच आहे आणि खराही. मला मात्र ती वाटी दिसत राहिली.

परवा चक्रीवादळाचा इशारा आला. सुपरवायझर म्हणाली, ज्यांच्या घरी लहान मुलं असतील त्यांनी निघावं, पण पलंगावरच्यांसाठी कुणीतरी थांबायला हवं. माझी मुलगी आता मोठी आहे, बापापाशी होती. मी स्टूल उचललं आणि खिडकीजवळच्या आजींच्या पलंगाशी टेकवलं.

‘यू स्टेइंग, लव्ह?’ त्यांनी विचारलं.

एवढं सगळं मला इंग्रजीत कुठे सांगता येणार.

‘लंच टाइम,’ मी म्हटलं, आणि चमचा भरला.