आमचा लाल ठिपका परत द्या

अन्याय झाला तो वालूरकडच्या एका खेड्यातल्या बारावी पास मुलीवर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत. नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस होता. ग्रामपंचायतीच्या खोलीतलं नेट बंद होतं. परभणीच्या जिल्हा कार्यालयातल्या भिंतीवर मात्र ते चालू दिसत होतं.

आमच्या संघटनेच्या पत्रकात मी ह्या जागी मोठ्या टाइपात ‘जबाबदार कोण?’ असं छापते आणि खाली अधिकाऱ्यांची पदं लिहिते. ह्या खेपेला त्या पदांच्या शेजारी मला स्वतःला उभं राहावं लागतंय.

त्या कार्यालयात भिंतीवर मोठा टीव्ही आहे. त्यावर जिल्ह्याचा नकाशा, आणि नकाशावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक ठिपका. गावात नेटचं यंत्र बसवलंय ते ठीक असेल तर हिरवा, बिघडलं असेल तर लाल. उन्हाळ्यात आमची संघटना निवेदन द्यायला गेली तेव्हा नकाशाला गोवर उठल्यासारखं दिसत होतं. माझं डोकंच फिरलं. बसस्टँडवर चहा पिता पिता मी पत्रक लिहून काढलं: ‘एकही लाल ठिपका चालणार नाही! नकाशा हिरवा करा, नाहीतर खुर्च्या खाली करा!’ घोषणा तोंडात बसते का, एवढं मी दोनदा म्हणून बघितलं. आपण मागतोय काय, ते एकदाही बघितलं नाही.

धरणं धरलं. थोड्याच दिवसांत साहेबांनी आम्हाला आत बोलावून टीव्ही दाखवला. सगळा नकाशा हिरवागार! आम्ही गुलाल उधळला, पेढे वाटले. टीव्हीपुढे मूठ उगारून मी फोटो काढून घेतला, त्याचं बॅनरही लावलं.

करीच्या दिवशी त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत सेवा केंद्र चालवणाऱ्या ऑपरेटरनं, गावोगावची माणसं असलेल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘सकाळपासून नेट बंद आहे.’ मी कार्यालयाकडून त्या वेळचा टीव्हीचा फोटो मागवला. त्या गावाचा ठिपका हिरवा. तो फोटो ग्रुपवर टाकून मी खाली लिहिलं, ‘यंत्र चालू आहे. कामचुकारपणा बंद करा. जनता बघते आहे.’ पुष्कळ अंगठे आले. मला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्या ऑपरेटरला जाब विचारायला मी गावात गेले. तो खुर्ची सरकवून म्हणाला, “बसा ताई. तुमीच उघडून बघा.” कपाटातल्या यंत्राचे दिवे लुकलुकत होते आणि पान काही उघडत नव्हतं. मी कार्यालयाला फोन लावला. उत्तर आलं, “आमच्याकडं हिरवं दिसायलंय की.”

मी तडक परभणीला. टीव्ही सांभाळणारा कंत्राटी इंजिनियर तिथे पाय पसरून बसला होता. त्यानं त्या गावचं पान उघडून दाखवलं. यंत्र जिवंत आहे का, त्यातून वेबसाइट उघडते का, बॅटरी भरलेली आहे का, असं सगळं ही यंत्रणा दर काही मिनिटांनी स्वतःच तपासते. प्रत्येक तपासणीपुढे एक चौकट होती. खूण फक्त पहिल्या चौकटीत होती.

“आता यंत्राला एवढंच विचारायलोत, हायेस का? ते म्हणतंय, हाय. झालं हिरवं.”

“आणि वेबसाइट उघडते का, ते?”

“ते विचारणं बंद केलंय. बऱ्याच गावांचं.”

“कुणी सांगितलं?”

“तुमीच की ओ ताई! लाल नको म्हणलात. केबल जोडायला गुत्तेदार येईना. खूण काढायला काय, एक बोट लागतंय. साहेबाचं बीपीबी लय उतरलंय तवापासून.”

तो हसला. माझी मागणी त्यांनी शब्दशः मान्य केली होती.

करीच्या दिवशी कुणाचा अर्ज राहिला ते ऑपरेटरला विचारून मी त्या मुलीच्या घरी गेले, ते कार्यालयानं कसं फसवलं हे सांगायला. ती अंगणात मुगाच्या शेंगा निवडत होती. माझं भाषण तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, फॉर्म भरायला सेलूला जायला दुपारची गाडी होती. मी चप्पल घातली होती. अप्पांनी ग्रुपवर तुमी टाकलेला फोटो बघितला अन् म्हणले, नेट चालू हाय, ते पोरगं टाळायलंय, कुठं जाऊ नको.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडता येतं मला.

“अप्पा एक साल थांबतो म्हणलेत. मग स्थळं बघायची. पुढच्या साली तरी लागंल का ओ नेट?”

मी खाली बघत शेंगा निवडायला लागले.

संघटनेच्या बैठकीत मी म्हणाले, बंद केलेल्या तपासण्या पुन्हा चालू करायला लावू. एकजण म्हणाला, “म्हणजे परत नकाशा लाल? जिंकलेलं आंदोलन आपणच हरायचं का?” दुसरा म्हणाला, “बॅनरवर फोटो तुझाच हाय, बघ बाई.” सगळे हसले. बॅनर अजून नाक्यावर आहे. तिकडून जायचं असलं की मी मागच्या गल्लीतून जाते.

साहेब म्हणतात, गावांनी लेखी मागावं, मग बघू. माझं एकटीचं निवेदन टेबलावर पडून आहे.

त्या मुलीला पुढच्या वर्षी त्याच खोलीतून अर्ज भरायचा आहे. तुमच्या गावातही कुणीतरी भरणार असेल. तेव्हा उद्या ग्रामपंचायतीत जा आणि तिथूनच कार्यालयाला फोन लावा. रंग विचारू नका. आमच्या यंत्राचं काय काय तपासता आणि काय तपासणं बंद केलंय, ते विचारा. बंद केलेलं चालू करा, असं गावाच्या सह्यांनी लेखी द्या. ठिपका लाल झाला तर होऊ द्या. आणि पलीकडून ‘हिरवं आहे’ एवढंच उत्तर आलं, तर फोन ठेवू नका.