आप्पांच्या नावावर असलेली माझी चूक

श्री. म्हाळू केरू ठोंबरे, म्हणजे आपल्या सर्वांचे आप्पा, यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शिरूरच्या आठवडे बाजारात. पाहिलं तेव्हा ते एका घोड्यापुढे उकिडवे बसले होते आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन खुराचा वास घेत होते. दौंडजवळच्या घोड्यांच्या फार्मवर मी नुकताच स्वार म्हणून नोकरीला लागलो होतो. 'बाजारात आप्पा भेटतील, ते सांगतील तो घोडा घ्या,' असं मालकांनी मला बजावलं होतं. पुण्याच्या एका रायडिंग क्लबात चार वर्षं शिकून आलेला मी, पंचविशीतला, अंगात मस्ती भरपूर. मी कुणीतरी करड्या मिशांचा, चकचकीत बूट घातलेला गृहस्थ शोधत होतो. समोर होते धोतर, पटका आणि खांद्यावर घोंगडी घेतलेले एक गृहस्थ.

"दात बघितले का घोड्याचे?" मी मोठ्या ऐटीत विचारलं. दातांवरून घोड्याचं वय कळतं, एवढं मला शिकवलेलं होतं.

"दात इकणाऱ्यानं घासून ठिवल्यात," खुरावरची नजर न काढता आप्पा म्हणाले. "पाय घासाय त्येला सुचलं न्हाई. तुमी पुण्याचं का?"

"हो."

"मंग बसा खाली. पँट मळंल, पर बसा."

मी बसलो. तो वास आजही माझ्या नाकात आहे. खूर आतून सडत होता आणि घोडा वरून तुकतुकीत होता. आम्ही तो घेतला नाही. त्या दिवसापासून आप्पांनी मला 'पुणेकर' हे नाव दिलं, ते आजतागायत.

आप्पांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी आप्पांचं कार्य, त्यांची मूल्यं आणि त्यांचा स्नेह या तिन्हींवर लिहावं, असं संपादक मंडळानं कळवलं आहे. तिन्हींवर लिहितो. पण खरं सांगायचं तर मी लेखणी उचलली ती एकाच गोष्टीसाठी. आपल्या मंडळींत आप्पांच्या थोरवीच्या गोष्टी निघाल्या की शेवटी कुणीतरी हसून म्हणतंच, "एवढा मोठा जाणकार, पण एकदा चुकलाच. चर न बघता घोडी घातली." याच ग्रंथात आणखी कुणी ते प्रेमानं लिहिलंही असेल. ती चूक आप्पांची नव्हती, माझी होती. इतकी वर्षं मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते.

आप्पा मेंढपाळांच्या घरातले. लहानपण मेंढरांमागे, बिऱ्हाड घोड्यावर, आज या शिवारात तर उद्या त्या. पुढे ते लष्करात घोडेस्वारांच्या पथकात भरती झाले आणि तिथे घोड्यांना उड्यांचं शिक्षण देण्यात तरबेज झाले. निवृत्तीनंतर वरवंडला घर बांधलं, थोडी शेती केली आणि फार्मवर शिक्षक म्हणून आले. आमच्या कामाला क्रॉस-कंट्री म्हणतात. मैदानात रंगीत दांडे लावून मारायच्या उड्या वेगळ्या. इथे उघड्या रानातून घोडा पळवायचा आणि वाटेत बांध, ओंडके, काटेरी कुंपण, चर, पाणी, जे येईल ते ओलांडायचं. जाणता घोडा हे करतो. पण चार वर्षांचं कोवळं जनावर, ज्यानं आयुष्यात गोठा आणि पाणंद यापलीकडे काही पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी जमिनीतली प्रत्येक फट म्हणजे तोंड वासून बसलेलं काहीतरी असतं. त्याची समजूत घालणं, हे आप्पांचं काम.

त्यांचे नियम दोनच होते. पहिला असा की, स्वारानं रोज सकाळी खोगीर कसण्याआधी सगळे अडथळे स्वतःच्या पायांनी फिरून बघायचे. काल बघितले म्हणून आज सोडायचे नाहीत. दुसरा नियम त्यांच्या घरचा होता. मेंढपाळांच्या बिऱ्हाडाच्या घोड्याला पाण्यात कधी मारत नाहीत. त्याच्या पाठीवर नुकती जन्मलेली कोकरं असतात. ओढ्यात घोडा बुजला, तर कोकरं गेली. "पाण्यात पाय असंल तवा हात वर न्ह्यायचा न्हाई," आप्पा सांगायचे. ते सांगताना त्यांचा आवाज कधी चढला नाही, पण तेवढं वाक्य ते दोनदा म्हणायचे.

नव्या घोड्याला आप्पा लांब दोर लावून स्वतः पुढे चालायचे. ओंडका आला की धोतर खोचून आधी ते ओलांडायचे, मग वळून उभे राहायचे आणि घोड्याकडे न बघता दुसरीकडेच कुठेतरी बघत बसायचे. घोडं जरा घुटमळायचं आणि त्यांच्यामागे टुणकन उडी मारायचं. मला याचं हसू यायचं. क्लबात आम्ही असं काही शिकलो नव्हतो. तबेल्याचे जमादार साळवेमामा मला म्हणाले होते, "हसू नका. तुमी पडला की आप्पा आदी घोडं बघत्यात, मंग तुमाला. तवा हसू येनार न्हाई."

आता सगुणाकडे येतो. कागदोपत्री तिचं नाव 'डेझर्ट क्वीन', पण आप्पांनी तिला सगुणा म्हटलं आणि कागद मागे पडला. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली चार वर्षांची घोडी. मार्गशीर्षात पुण्याला स्पर्धा होती. सगुणाला मी न्यायचं, असं ठरलं होतं. दसऱ्यानंतरची ती सकाळ. आप्पा भावाच्या आजारपणासाठी गावात थांबले होते आणि त्यांनी साळवेमामांबरोबर निरोप पाठवला होता, "पुणेकराला म्हनावं, चर बघून घ्या आन् चालीवरच काढा. उडी नगं."

मी चर बघितला नाही. आदल्या दिवशी बघितला होता, एवढं मला पुरेसं वाटलं. पण आदल्या संध्याकाळी उसाला पाणी द्यायच्या पाळीसाठी कालव्याचा फाटा सुटला होता. पाणी शेजारच्या शेतातून झिरपत आमच्या चरात भरलं होतं आणि काठाची माती आतून भुसभुशीत झाली होती. वरून काहीच कळत नव्हतं. सगुणाला कळलं. ती काठाजवळ आली आणि चारी पाय रोवून थांबली.

मी तिला पुन्हा आणलं. ती पुन्हा थांबली. तबेल्याची माणसं बघत होती. मला राग आला, आणि माझा राग कसा असतो हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. तिसऱ्या वेळी तिचे पुढचे खूर पाण्याच्या कडेला टेकले असताना मी चाबूक उगारला आणि मारला, एकदा नव्हे, तीनदा. ती उडाली. काठ ढासळला. आम्ही दोघंही चिखलात गेलो.

माझ्या खांद्याला मुका मार बसला. तिचे गुडघे सोलले. पण खरं नुकसान निराळंच होतं. दुपारी साळवेमामांनी तिच्यापुढे पाण्याची बादली ठेवली आणि ती थरथरत भिंतीला जाऊन टेकली.

मालक त्याच दिवशी डॉक्टरांना घेऊन आले. आप्पाही येऊन पोहोचले होते. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सकाळी चर कुणी बघितला होता?"

मी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण आप्पा माझ्याआधी बोलले. "म्या बघाय पायजे हुता. न्हाई बघितला. चूक माजी हाय."

मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

मालकांनी निर्णय दिला. उड्यांच्या शिक्षणाची जबाबदारी आप्पांकडे राहणार नाही आणि पुण्याला संघाबरोबर ते जाणार नाहीत. घोडीनं पुण्याला धाव पुरी केली तर ठीक, नाहीतर ती दौंड स्टेशनच्या टांग्याला जाईल. आप्पांनी मान डोलावली आणि ते सगुणाच्या गुडघ्यांना हळद लावायला गेले.

साळवेमामा मला गोठ्यामागे भेटले. "बोलला का न्हाईस?" त्यांनी एवढंच विचारलं. तिथून मी तडक आप्पांकडे गेलो आणि म्हणालो, "मी मालकांना खरं सांगतो."

"सांग की," आप्पा म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्याशी एकेरीत बोलले. "सांग, आन् जा पुण्याला. मालक तुला आजच घालवत्यात. मंग हिला पान्यात कोन नेनार?"

"तुम्ही."

"म्या शंभर डाव नेली, तरी माज्यामागं यील. भ्या माजं न्हाई बसलं तिला. तुजं बसलंय. ज्येनं घातलं, त्येनंच काढाय पायजे. आता हळद धर."

मी हळदीची वाटी धरली. हीच आप्पांची मूल्यं. त्यांना वेगळं नाव द्यायला मला जमत नाही.

त्यानंतर महिनाभर मी घोडीवर बसलो नाही. वरवंडच्या बाजूला ओढ्याकाठी आप्पांच्या भावाचं मेंढरांचं बिऱ्हाड उतरलं होतं. रोज सकाळी मी सगुणाला दोर लावून तिथे चालवत नेत असे. मी ओढ्यात गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहायचो, ती काठावर. आप्पांकडून जबाबदारी काढून घेतली होती, म्हणून ते लांब बाभळीखाली बसायचे, आपला काही संबंध नाही अशा थाटात. ओढून बघायचं नाही, हाक मारायची नाही, तिच्याकडे बघायचं नाही. पाय बधिर व्हायचे. मी संतापायचो, पण आता संताप माझा माझ्यावरच होता.

एके दिवशी मेंढरं पलीकडे निघाली. त्यांच्यापुढे बिऱ्हाडाचं म्हातारं तट्टू होतं, पाठीवर भांडी, घोंगड्या आणि दोन्ही बाजूंच्या झोळ्यांतून डोकावणारी कोकरं. तट्टू पाण्यात शिरलं, कोकरं ओरडली. सगुणानं कान टवकारले. दोर माझ्या हातात सैल होता. तिनं मान लांब केली, पाण्याचा वास घेतला, एक खूर टाकला, काढला, पुन्हा टाकला. मग ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली, पाणी प्यायली आणि तिनं माझ्याच कोपराला तोंड पुसलं. मी रडलो. बाभळीखालून आवाज आला, "आता गूळ दे तिला. आन् नाक पूस."

पुण्याच्या स्पर्धेला आप्पा नव्हते. पाण्याचा अडथळा शेवटून तिसरा होता. सगुणा तिथे थांबली. तीनदा थांबलं की बाद करतात. मी वळवून पुन्हा आणली, ती पुन्हा थांबली. चाबूक माझ्या उजव्या हातात होता आणि सगळे बघत होते, अगदी त्या सकाळसारखे. मी चाबूक गवतात टाकून दिला, तिला लांब फिरवून आणलं, लगाम ढिला सोडला आणि समोरच्या झाडांकडे बघत बसलो, आप्पा बघतात तसा. ती गेली. पाणी अंगावर उडालं आणि आम्ही पलीकडे होतो. आमचा नंबर शेवटून दुसरा आला. पण धाव पुरी झाली, घोडी टांग्याला गेली नाही, आणि आज तिची दोन शिंगरं याच फार्मवर उड्या शिकत आहेत.

आप्पांची जबाबदारी पुढे दोन वर्षांनी त्यांच्याकडे परत आली. मात्र ती चूक त्यांच्या नावावर तशीच राहिली. मी कायम झालो, शिक्षक झालो, नव्या स्वारांना चर बघायला शिकवू लागलो आणि शिकवताना, देवा, मीसुद्धा एकदा म्हणालो, "आप्पांसारख्यांचीसुद्धा एकदा चूक झाली होती." साळवेमामा तिथेच उभे होते. ते पाठ फिरवून निघून गेले. हा लेख त्या दिवसाचं उत्तर आहे. साळवेमामा, उशीर झाला, पण बोललो.

छापायला देण्याआधी मी वरवंडला जाऊन आप्पांना हे सगळं वाचून दाखवलं. ते अंगणात बसून दोर वळत होते. वाचून झाल्यावर त्यांनी दोराला गाठ मारली.

"उजवा गुडघा जादा सोलला हुता," ते म्हणाले. "तू दोन्ही सारखंच ल्हिलंस."

"आणि बाकीचं? काढून टाकू?"

"नगं. ऱ्हाऊ दे. मला वाटलं, साठी झाली, आता काय तू बोलत न्हाईस." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "वाट बघत हुतो."

उजव्या गुडघ्याची दुरुस्ती इथे करतो. दोन्ही गुडघे सोलले, उजवा अधिक.

सत्काराच्या दिवशी फार्मवर सगुणाची दोन्ही शिंगरं आप्पांसमोर चर ओलांडणार आहेत. त्या सकाळी तो चर मी स्वतः पाय घालून बघणार आहे. आप्पा, मी बघितल्यावर तुम्ही धोतर खोचून पुन्हा एकदा बघून याल, हे मला माहीत आहे. या. तुमचे गुडघे धड राहोत, डोळे लखलखीत राहोत, आणि माझ्या मागोमाग येऊन चर बघण्याची ही तुमची सवय आम्हा सर्वांना अजून पुष्कळ, पुष्कळ वर्षं सोसावी लागो.