फॉक्ससाहेब कोल्हे

रेल्वेचे पूल बांधता बांधता साताऱ्याचे पंढरीनाथराव लखनौचे झाले. लखनौ मात्र त्यांच्या विनोदाला कधी हसलं नाही, हा त्यांचा खरा संताप.

त्यांचा नादच जगावेगळा. अठराव्या शतकात इंग्रजांनी आपल्याच पुढाऱ्यांची टिंगल करायला जी चित्रं छापली, त्यांच्या प्रती ते जमवत. राजाला पाठीवरून फेकून देणारा घोडा होता, सुस्तावलेला सिंह होता. पण लाडका एकच: फॉक्स नावाचा पुढारी. आडनावच कोल्हे, म्हणून चित्रकारांनी त्याला सरळ झुपकेदार शेपूट लावलं! हे सांगताना पंढरीनाथराव स्वतःच इतके हसत की पाहुण्यांच्या वाट्याला हसू उरतच नसे.

वृंदावन योजनेतल्या त्यांच्या सोसायटीनं प्रदर्शनाला हॉल दिला, तेव्हा त्यांनी चित्रं अमीनाबादच्या बाजारातून फ्रेम करून आणली. एकदा तरी चारचौघांनी पोट धरून हसावं, एवढंच त्यांचं मागणं. हिंदी पाट्या स्वतः लिहिल्या: ‘फॉक्स, अर्थात गीदड़’.

“आजोबा, गीदड़ तो जैकल होता है,” नात स्नेहा म्हणाली. “फॉक्स मतलब लोमड़ी.”

“लोमड़ी बाई असते! एवढ्या दांडग्या भुवयांच्या पुरुषाला लोमड़ी म्हणू? कोल्हा म्हणजे गीदड़. साताऱ्यात कुणालाही विचार.”

“सातारा से कौन देखने आ रहा है?”

“अहो, ऐका पोरीचं,” त्यांच्या पत्नी नयनाताई म्हणाल्या. “तुमची हिंदी सब्जीवाल्या भैयालासुद्धा मराठीच वाटते.”

रविवारी माणसं आली. फॉक्ससमोर येऊन पाटी पुन्हा पुन्हा वाचू लागली. हिंदीत गीदड़ म्हणजे भित्रा; शेवटी शेजारच्या रणजितनं विचारलं, “अंकल, ये डरपोक थे क्या?”

“डरपोक? अरे, पार्लमेंट दणाणून सोडता था!”

“अच्छा? फिर गीदड़ क्यों?”

पंढरीनाथरावांचे कान तापले. लंडनमध्ये लोक दुकानाच्या काचेला नाकं चिकटवून या चित्रांना हसले, आणि इथे खुलासे मागतात! त्यांनी पेन काढलं, ‘गीदड़’वर काट मारली. ‘लोमड़ी’ लिहायला मात्र हात धजेना. दात-ओठ खात त्यांनी हिंदीत कुणी न ऐकलेला नर लिहिला: ‘लोमड़ा’.

“लोमड़ा!” रणजित खिंकाळला. मग अख्खा हॉल. स्नेहा तर खालीच बसली.

“अरे, पाटीला काय हसता? चित्राला हसा, चित्राला!” पंढरीनाथराव ओरडले, आणि पाटीवर तळहात दाबून, छाती पुढे काढून पहाऱ्याला उभे राहिले. आता लोक त्यांच्याकडे बघून हसू लागले.