दुलांग पत्ते उघडायची तेव्हा

आमच्या बिनुलुसानच्या किनाऱ्यावर दुपारी सुकत घातलेली मासळी एकदा पालथी घातली की उन्हं कलेपर्यंत माणसाला काम नसतं. जे करायचं ते ऊन करतं. त्या मोकळ्या वेळात दुलांगच्या झापाखाली तेरा पत्त्यांचा डाव बसायचा. आता तो झाप नाही, दुलांगही नाही. पण सुक्या मासळीचा उग्र वास नाकात शिरला की मला अजून ती मांडी घालून पत्ते पिसताना दिसते.

डावात आम्ही चौघं. दुलांग, तिच्या शेजारचा तेर्यो, दुकानदार तेक आणि मी. हा खेळ आपल्या आज्यानं चीनमधून पोटाशी बांधून आणला असं तेक सांगायचा, आणि हरला की आज्यालाच शिव्या द्यायचा.

दुलांग दिसायला बुटकी, रुंद, गलबतासारखी बाई. हाताला मिठाच्या पाण्यानं चिरा पडलेल्या. तिचा नवरा दर्यावर गेला तो परत आला नाही. ती बातमी आली तेव्हा बांबूच्या मांडणीवर मासळी होती. तिनं आधी सगळी मासळी पालथी घातली, मग बसून रडली. रडणं थांबू शकतं, मासळी थांबत नाही, असा तिचा हिशोब. पत्त्यातही ती तशीच होती.

तसा डाव सोपा. तेरा पत्ते हातात आले की त्यांच्या तीन ओळी लावायच्या. पुढं तीन पत्ते, मध्ये पाच, मागं पाच. मागची ओळ सगळ्यात भारी हवी, मधली तिच्याहून हलकी, पुढची त्याहून हलकी. तिन्ही पालथ्या ठेवायच्या आणि हात उचलायचा. हात उचलला की पुन्हा पत्त्याला शिवायचं नाही. मग पुढची पुढचीशी भिडणार, मधली मधलीशी, मागची मागचीशी. जिंकलेल्या ओळीला समोरच्याकडून एक चिंचोका. तिन्ही ओळी मारल्या तर तिनाचे सहा. आणि घाईत किंवा हावरेपणानं मधली ओळ मागचीपेक्षा भारी लागली, तर त्याला आम्ही ‘उलटा’ म्हणायचो. उलटा झाला की हातात राजे असोत नाहीतर एक्के, तिघांनाही सहा-सहा चिंचोके द्यायचे आणि वर तेकची बोलणी खायची.

एकदा तेक आणि तेर्यो पत्ते उघडण्यावरून एकमेकांच्या उरावर बसले होते. तेव्हापासून चौघांचे पत्ते उघडायचं काम दुलांगनं आपल्याकडं घेतलं. एका हातात मधली ओळ, दुसऱ्या हातात मागची, अशा दोन्ही एकदम उचलायची, नजर टाकायची आणि चटईवर उताण्या टाकायची.

तेर्यो माडी काढणारा. साठी उलटली तरी खारीसारखा माडावर चढायचा. मग एका वर्षी चढायचा थांबला. गुडघे धरलेत, म्हणाला. पण त्याच्या बुब्बुळांवर भाताच्या पेजेवर धरते तशी साय धरलेली आम्हा सगळ्यांना दिसत होती. त्यालाच तेवढी दिसत नव्हती. त्याचा पोरगा रोदेल शहरात गाडी चालवायचा. तो दोनदा न्यायला आला आणि दोनदा रिकामा गेला.

"डोळं माझं हाईत. तुझ्या गाडीचं दिवं न्हाईत बदलायला," तेर्यो त्याला म्हणायचा.

त्याच सुमारास एका दुपारी मला दिसलं. दुलांगनं तेर्योच्या ओळी उचलल्या, नजर टाकली आणि चटईवर टाकताना हात फिरवले. मधली मागं गेली, मागची मध्ये आली. तेर्योला बदाम आणि चौकट वेगळे दिसत नव्हते. पाच बदाम म्हणून लावलेल्या ओळीत मधूनच चौकटीचा पत्ता असायचा, मग त्या ओळीला काडीचीही किंमत उरायची नाही आणि डाव उलटा व्हायचा. दुलांग तो सुलटा करत होती.

डाव मोडल्यावर मी तिला गाठलं. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मी तिला मानांग म्हणायचो.

"मानांग, ह्ये काय चाललंय?"

"काय चाललंय?"

"तुम्ही त्याच्या ओळी फिरवताय."

"मग? बोंबल गावभर!" ती टोपल्या एकात एक घालत होती. "माडावरनं तर उतरला बिचारा. आता हितनं पण उतरवू व्हय त्याला?"

मी उरलेली टोपली उचलून तिच्या हातात दिली.

ईस्टर झाल्यावर रोदेल तिसऱ्यांदा आला. ह्या वेळी त्यानं आधी डॉक्टरला विचारलं होतं. मोतीबिंदू पार पिकलाय, पावसाळ्याच्या आत काढला तर ठीक, नाहीतर डोळे जातील. पोरगा भर उन्हात झापाबाहेर उभा राहून बापाची विनवणी करत होता. तेर्यो चटईवर मांडी घालून त्याच्याकडं पाठ फिरवून बसला होता.

"मी आंधळा हाय म्हणतोस? आंधळा तेरा पत्त्यांचा डाव खेळंल? आरं, अख्ख्या वर्सात माझा एक डाव उलटा न्हाई झाला! तेकचा झाला, ह्याचा झाला. माझा न्हाई. इचार दुलांगला! ती खोटं बोलायची न्हाई."

रोदेलनं दुलांगकडं पाहिलं. मीही पाहिलं. तेक एकदम आपल्या विडीच्या टोकाकडं बघायला लागला.

दुलांगनं तोंडातली सुपारी बाहेर थुंकली. "बोलून काय हुतंय? बसा. एक डाव टाकू."

तिनं पत्ते वाटले. तेर्योनं आपले तेरा नाकाशी धरून लावले. मागची ओळ ठेवताना त्याचा चेहरा असा फुलला, की त्यात काय आहे ते कुणीही सांगितलं असतं. त्यानं हात उचलला.

दुलांगनं आधी तेकचे पत्ते उघडले, मग माझे, मग स्वतःचे. मग तेर्योच्या दोन्ही ओळी उचलल्या. नजर टाकली. तिचे हात तसेच अधांतरी राहिले. ती काय बघतेय ते मला ठाऊक होतं, आणि तिनं हात फिरवले तर रोदेल रिकामाच जाणार हेही ठाऊक होतं.

तिनं ओळी होत्या तशा टाकल्या.

मध्ये दोन नव्व्या, दोन पंज्या. मागं चार बदाम आणि चौकटीची सत्ती.

"उलटा," दुलांग म्हणाली.

"कसला उलटा? पाची बदाम हाईत!"

"चार हाईत, तेर्यो."

त्यानं सत्ती उचलली, उन्हात नेली, डोळ्याला टेकवली. मग ती रोदेलसमोर धरली. पोरानं मान खाली घातली. तेर्योनं सत्ती परत चटईवर ठेवली. मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण तो दुलांगकडं वळला.

"आजच झाला व्हय गं उलटा?"

ती चटईवरचे पत्ते गोळा करायला लागली.

"किती बारी फिरवलेस?"

"मोजलं न्हाई मी."

"आन् तुमास्नी ठावं हुतं?"

तेक म्हणाला, "मला पहिल्याच म्हयन्यात."

"वा रं सोबती! मला बारक्या पोरागत खेळवलंत. पोराला जिंकू देतात तसं जिंकू दिलंत. आन् मी येडा, घरी जाऊन मिश्या पिळतोय!" त्यानं चिंचोक्यांचा ढीग लाथेनं उडवला आणि उठला. झापाच्या खांबाला खांदा आपटला, पण आधाराला कुणाचा हात घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रोदेलच्या गाडीत बसला. दुलांग दारात उभी होती. तिच्याकडं बघितलं नाही. किंवा बघितलं असेल, दिसली नसेल.

तो गेल्यावर आम्ही तिघं खेळायचो. तिघांत मजा नाही. दुलांग पत्ते वाटायची, मध्येच ठेवून द्यायची आणि मासळी निवडायला उठायची. एकदा एवढंच म्हणाली, "डोळं आलं म्हंजे झालं. बोलंना का मग." आणि त्या दिवशी तिनं माझ्याकडून जिंकलेले चिंचोके उचललेच नाहीत.

वारा फिरला, होड्या वर ओढल्या गेल्या, आणि एका दुपारी तेर्यो चालत आला. नाकावर जाडजूड चष्मा. झापाच्या तोंडाशी थांबून एकेकाला निरखलं. तेकचं टक्कल बघितलं, माझं सुटलेलं पोट बघितलं. दुलांगवर येऊन थांबला.

"आरं तिच्या! तू येवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू आंधळा हुतास तवा," दुलांग म्हणाली. "डोळ्यातलं काढलं, जिभेचं ऱ्हायलं वाटतं."

"आतापास्नं ज्याचं पत्तं त्यानं उघडायचं," तो बसता बसता म्हणाला. "मंजूर आसंल तर खेळतो."

"मंजूर."

पत्ते वाटले. तेर्योनं हात लांब धरून, मान मागं टाकून, रुबाबात तेरा लावले. दुलांगचा हात सवयीनं त्याच्या ओळींकडं गेला. त्यानं चापट मारली. तिनं तो मागं घेऊन मांडीत ठेवला.

मग त्यानं स्वतः उघडले. मागं छक्कीपासून दश्शीपर्यंत ओळीनं पाच पत्ते, टापटीप. मध्ये पाच बदाम, एकूण एक बदाम, लालभडक. डोळे परत आले त्या आनंदात गडी रंगालाच भुलला होता. एका रंगाचे पाच हे ओळीच्या पाचांपेक्षा भारी असतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

दुलांगनं ओठ दाताखाली धरले होते.

तेर्योनं पत्त्यांकडं पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग मांडीवर अशी थाप मारली की मांडणीवरचे कावळे उडाले.

"उलटा!" तो ओरडला. "उलटा झाला गं दुलांग! माझा मी केला!"

आणि हसत हसत तो आमच्या तिघांपुढं चिंचोके मोजायला लागला.