ही दोन तुमची

पीण्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्याच्या फाटकासमोर एक म्हातारा सायकलची पंक्चर काढत बसतो. बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातला आहे. यापलीकडे त्याचं नावही मला ठाऊक नाही.

मी यंत्रं डिझाइन करतो, त्यामुळे माझ्या सायकलचं पंक्चर एका रविवारी मीच काढलं. टायर स्क्रूड्रायव्हरने उचकटलं आणि त्यानेच परत बसवलं. सोमवारी चाकात हवा नव्हती. म्हाताऱ्याने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि बुडबुडे बघत शांतपणे म्हणाला, "खिळ्याच्या भोकावर ठिगळ चांगलं बसलंय. ही दोन तुमची, अण्णा. स्क्रूड्रायव्हरची."

मग त्याने टायर काढायची लोखंडी पट्टी उचलली आणि दाढी करावी तशी स्वतःच्या गालावरून फिरवली. दरवेळी तो असंच करतो. "गालाला जी टोचते ती ट्यूबलाही टोचते. आणि पट्टी फक्त काढायला. बसवायला अंगठे."

मी लगेच नव्या पट्ट्या मागवल्या. आरशासमोर गालावरून फिरवून पाहिल्या, तेव्हा बायकोने काही न विचारता दार लोटून घेतलं. पुढच्या पंक्चरला सगळं त्याच्यासारखं केलं. फक्त शेवटची वीतभर कड अंगठ्यांना ऐकेना, तेव्हा घरात कोणी बघत नाही असं पाहून पट्टी घातली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घमेलं. बुडबुडे एकाच जागेवरून येत होते. त्याने माझ्या अंगठ्यांकडे पाहिलं.

"सरी, ठीक आहे," तो म्हणाला, "या वेळी एकच आहे. स्वल्प सुधारणा आहे."

वर्षभरात साहेबांनी माझ्याबद्दल इतकं चांगलं काही म्हटलेलं नाही.