कानावरच्या वाट्या

कटरखालचा भुसा आणि आमच्या शेडातले किस्से, दोन्ही सारखेच. आज झाडून काढावेत तर उद्या पुन्हा ढीग. जळकोटला माहेरी गेले की बहिणी चहाच्या आधी विचारतात, "भाऊजींचं काय नवीन?"

आधी माणसं सांगते. मी भोकरला बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, आवाज अजून वर्गातलाच आहे. म्हणून आमचे हे मला 'बाई' म्हणतात. हे तहसिलीतून रिटायर झाले आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडात सुतारकाम करू लागले. निव्वळ हौस. पाट, स्टूल, देव्हारे, सुचेल ते. कटर आला, ग्राइंडर आला, आणि पाच-सहा वर्षांत डावा कान निम्मा गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येत नसतं, आता उजवा तरी सांभाळा, मशीन चालू केलं की कानाला कव्हर पाहिजेच.

लेक हैदराबादला. घरात आम्ही दोघंच. माझं बोलणं ऐकायला घरात तो एकच धड कान उरलेला, मग मला किती घोर लागला असेल तुम्हीच बघा.

*

कव्हर ऑनलाइन मागवलं. भगव्या रंगाचं, दोन वाट्या आणि वरून पट्टी. मी त्याला वाट्याच म्हणते. यांनी चार दिवस घातलं आणि पाचव्या दिवशी खिळ्याला टांगलं. घाम येतो म्हणे! मी शेडात गेले की वाट्या कानावर, मी आत वळले की खिळ्यावर. बत्तीस वर्षं पोरं सांभाळली, पण असला विद्यार्थी नाही पाहिला.

*

घालायचे तेव्हा वेगळीच पंचाईत. मशीन चालू, कानावर वाट्या, मग जेवायला हाक मारली तर ऐकू कुठून येणार? मागून खांद्याला हात लावावा तर दचकतात. कटरवर हात असताना दचकलेलं माणूस मला नको होतं. मग मी घरातूनच शेडाचा मेन स्विच खाली करायला लागले. मशीन थांबलं की जेवण, असा आमचा ठराव झाला.

एकदा सकाळी साडेनऊलाच लाइट गेली. मी भाजी चिरून राहिले होते. हे आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. मी म्हणाले, अहो, मी नाही, लाइटच गेलीय. हे ताटाकडे बघत म्हणाले, "आता बसलोच आहे तर वाढ."

त्या आठवड्यात लाइट रोज तीनदा जायची. यांचं वजन वाढलं.

*

खंडेनवमीला मी शेडात हत्यारांची पूजा मांडली. रंधा, करवत, पटाशी, आणि ज्यानं माणूस राखला जातो ते पण हत्यारच की, म्हणून वाट्या, गॉगल आणि मास्कही ठेवले. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. दसऱ्यानंतर हे कामाला लागले तर गॉगलमधून सगळं लालच दिसायला लागलं. पूजेचं कुंकू पुसायचं कसं म्हणून पठ्ठ्या तसाच बसून राहिला. शेवटी गॉगलला हात जोडून माफी मागितली आणि मग फडक्यानं पुसलं. मास्क मात्र आधीच लावून झाला होता. दोन दिवस नाकाच्या शेंड्यावर कुंकू होतं.

*

जळकोटला माझ्या भाच्याचं लग्न होतं. वरातीत डीजे असा की छातीत धडधड होत होती. यांनी पिशवीतून वाट्या काढल्या आणि भर वरातीत कानावर चढवल्या. मी लाजेनं चार हात लांब चालायला लागले. तेवढ्यात मुलीकडचा एक पाहुणा यांच्याजवळ गेला आणि अदबीनं म्हणाला, "डीजेवाले, जरा हलगीचं काहीतरी लावा की."

*

यांना रंधा धरायला शिकवलं ते बाबूमियाँनी. देगलूरकडचे, उभी हयात लाकडाच्या वखारीत गेली. आता दोन्ही कान गेलेत. एकदा आले, तर यांनी कौतुकानं वाट्या त्यांच्या कानावर ठेवल्या आणि कटर चालू केला. चाचा शांतपणे बघत राहिले. मग वाट्या काढून म्हणाले, "लावलं काय, काढलं काय, आपल्याला सारखंच हाय साहेब."

आम्ही हसलो, पण हसू लगेच जिरलं. चाचांनी त्या वाट्या स्वतःच्या हातानं यांच्या कानावर बसवल्या आणि पट्टी नीट केली.

तरी आठवड्यानं वाट्या पुन्हा खिळ्यावर.

*

आता शेवटचा. हा मी बहिणींनाही सांगितलेला नाही.

दिवाळीच्या आधी एक दिवस हे कपाटाचा खण बसवत होते. मशीन बंद होतं, पण मी आलेली बघून वाट्या कानावर चढलेल्या. मी मागं स्टुलावर मेथी निवडायला बसले. माणसाची पाठ असली आणि कान झाकलेले असले की बोलायला बरं पडतं. मी म्हणाले, तो कान गेला तर मी कुणाशी बोलू हो? तोंडावर बोललं तर तुम्ही हसण्यावारी नेता. मला लई भीती वाटते. मग थोडं रडले, पदरानं डोळे पुसले, मेथी उचलून आत आले. यांचा हात चालूच होता.

दुसऱ्या दिवसापासून वाट्या खिळ्यावर दिसल्या नाहीत. मी म्हटलं, चला, डॉक्टरांचं बोलणं उशिरा का होईना लागू पडलं.

गेल्या महिन्यात यांनी दुसरा जोड मागवला, माझ्यासाठी. तू पण इथंच बसतेस, तुझेही कान आहेतच की, म्हणाले, आणि स्वतः माझ्या कानावर चढवला. काम थांबलेलं होतं, शेडात सगळं शांत. मी पॉलिश पेपरनं पाट घासत बसले. हे माझ्या मागं उभे होते.

"बाई," हे म्हणाले, "कान गेला तर जाऊ दे, असंच वाटायचं मला. तू त्या दिवशी मेथी निवडत बोललीस, तेव्हापासून तसं वाटत नाही."

एकेक शब्द मला स्वच्छ ऐकू आला. वाट्या कानावर घट्ट होत्या.

मी मागं वळले नाही. पाट केव्हाच गुळगुळीत झाला होता, तरी घासत राहिले.